खोली तापवण्याचे शास्त्र

महाडात एप्रिल-मे तापायला कोणाची मदत लागत नाही, हे मान्य. सावित्री आणि गांधारीच्या काठचं गाव, भोवती डोंगर, वारा आला तर पाहुण्यासारखा. आपल्याच जिल्ह्यातल्या भिऱ्याला मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश नोंदले गेले तेव्हा टीव्हीवाले हादरले. आपल्याकडे माणसं नेहमीसारखी दुपारची झोप काढत होती. पण काहींना सार्वजनिक उकाड्यावर समाधान नसतं. त्यांना तो खासगी हवा असतो, दहा बाय दहाच्या खोलीत, हप्त्यावर आणि रंगीत दिव्यांसकट. अशा होतकरू गेमरांसाठी हे मार्गदर्शन. लोणेऱ्याला इंजिनिअरिंग करणाऱ्यांनी पहिले दोन धडे वगळले तरी चालेल, हॉस्टेलात त्यांचं प्रात्यक्षिक झालेलं असतं.

१. पंखे मोजा. ग्राफिक्स कार्ड घेताना चिप कोणती, मेमरी किती, असल्या किरकोळ चौकशा करू नका. दोन पंख्यांचं चांगलं, तीन पंख्यांचं फार चांगलं. आतली रचना खरोखर हुशारीची असते: तांब्याच्या बंद नळ्यांत थेंबभर पाणी, ते चिपपाशी वाफ होतं, पलीकडे ॲल्युमिनियमच्या पात्यांपाशी पुन्हा पाणी होतं आणि जाता जाता उष्णता तिथे टाकून येतं. पंखे त्या पात्यांवर हवा मारतात. मग ती तापलेली हवा जाते कुठे? बहुतेक कॅबिनेटच्या आतच. ती पुढे बाहेर कशी काढायची, हे कार्डवाल्याने कॅबिनेटवाल्यावर सोपवलेलं असतं.

२. म्हणून कॅबिनेट पुढून काचेचंच घ्या. लॅमिंग्टन रोडवरचा एखादा भला दुकानदार जाळीचं दाखवील. ‘साहेब, यात हवा खेळती राहते,’ म्हणेल. त्याला नम्रपणे सांगा की हवा खेळायला नाही, आम्ही खेळायला बसतो. काचेआड तीन दिवे लावलेले पंखे फिरतात आणि जी हवा आत येऊच शकत नाही तिची वाट बघतात.

३. आवाजाची हौस असेल तर ब्लोअर घ्या. यात एकच पंखा, तोही बाजूने हवा फेकणारा. सगळं कार्ड आवरणात बंद, हवा एका टोकाने आत आणि मागच्या पट्टीतून थेट कॅबिनेटबाहेर. गरम हवा घराबाहेर काढण्याची जबाबदारी स्वतः घेणारी ही त्यातल्या त्यात प्रामाणिक जात. दाटीवाटीच्या मशीनमध्ये, चार-चार कार्डं शेजारी लावायची असतात तिथे, आजही हिचाच भरवसा. पण अरुंद बोळातून हवा रेटायची म्हणजे एकट्या पंख्याने जीव तोडून फिरायचं. आई जिन्याखालून विचारील, ‘टाकीची मोटर चालू राहिली का रे?’ उत्तर देऊ नका. मोटर बंद करून ती परत येईल आणि पुन्हा विचारील.

या घराण्याचा इतिहास थोर आहे, तो पाठ असू द्या. २००३ च्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्राला आवाजापायी लोकांनी ‘डस्टबस्टर’ म्हणजे हातातलं झाडूयंत्र ठरवलं, आणि एनव्हिडियाने शेवटी स्वतःचीच टर उडवणारी फिल्म काढली. २०१३ मध्ये एएमडीचं रेडिऑन आर९ २९०एक्स आलं. ते ९५ अंशांवर खुशाल चालायचं आणि कंपनी म्हणायची, ‘बरोबर आहे, तसंच ठरवलंय.’ २०१८ ला आरटीएक्स २० मालिकेत एनव्हिडियाने आपल्या कार्डांचा ब्लोअर सोडून दोन पंखे लावले. परंपरा अशा बुडतात. तुम्ही ब्लोअर घेतलाच तर मशीनची पाठ भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे मोठ्या कष्टाने बाहेर काढलेली हवा लगेच घरी परतेल.

४. परीक्षणांवर डोळे मिटून विश्वास ठेवा. ‘फुल लोडवर फक्त ६६ अंश’ असं वाचलं की ऑर्डर टाका. हे मापन बहुधा बावीस-तेवीस अंशांच्या खोलीत झालेलं असतं, हे मनात आणू नका. कूलर कार्डाला गार करत नाही. खोलीपेक्षा अमुक इतकं जास्त, एवढ्यावर ते रोखून धरतो, बस. बावीसच्या खोलीत ६६, म्हणजे वर ४४. महाडात मे महिन्यात दुपारी पत्र्याखालची खोली चाळीस. चाळीस आणि ४४ किती, ते तुम्हीच करा. पंख्याचा वेग तोच धरला तर. बरीचशी कार्डं ८३-८४ च्या आसपास आपणहून वेग उतरवायला लागतात. म्हणजे महागडं कार्ड घेऊन स्वस्तातल्या कार्डाचा वेग मिळवण्याची सोय निसर्गानेच केलेली आहे.

पोलादपूरकरांना इथे अन्यायाने फायदा मिळतो. त्यांनी मशीन गाडीत घालावं, आंबेनळी घाट चढावा आणि साडेतेराशे मीटर उंचीवर महाबळेश्वरला जाऊन खेळावं. हवा दहा अंशांनी उतरली की कार्डही जवळपास दहा अंशांनी उतरतं. एवढा फरक पाडणारा कूलर कोणत्याही दुकानात मिळत नाही. पावसाळ्यात मात्र घाटात दरड आली नाही ना, ते आधी विचारून घ्या.

५. पंखे थांबण्याची सोय असलेलं कार्ड घ्या. काम नसताना, साधारण पन्नास-साठ अंशांखाली, पंखे पूर्ण थांबतात. थंड मुलखात याला शांतता म्हणतात. आपल्याकडे कार्ड नुसतं बसल्याजागी त्या सीमेवर पोचतं: घुर्र, गप्प, घुर्र, गप्प, रात्रभर. मग चिडून पंखा शंभर टक्क्यांवर टाका. पंख्याचा वेग दुप्पट झाला की आवाज पंधराएक डेसिबलने चढतो, आणि दहा डेसिबलची वाढ कानाला दुप्पट वाटते. हवा दुप्पट, कटकट जवळजवळ तिप्पट. सौदा वाईट नाही.

६. खिडकी महामार्गाच्या बाजूची निवडा. मुंबई-गोवा रस्त्याच्या चौपदरीकरणाने गावोगाव जी धूळ वाटली, ती पात्यांमधल्या बारीक फटींसाठीच जणू चाळून आणलेली. साफ करू नका, वॉरंटीचं स्टिकर फाटेल. दोन वर्षांनी तिथे नमद्यासारखा थर जमेल. त्याला फिल्टर म्हणा.

मशीन कुठे ठेवायचं, हे मात्र चेष्टेवारी नेऊ नका. तळमजल्यावर, जमिनीवर नको. जुलै २०२१ चा पूर ज्यांनी बाजारपेठेत पाहिला, त्यांना हे सांगावं लागत नाही.

७. तरीही समाधान नसेल तर पाण्याचा कूलर लावा. पाणी चिपची उष्णता रेडिएटरपर्यंत नेतं आणि रेडिएटर ती त्याच खोलीत सोडतो. आरटीएक्स ४०९० ची वीज ४५० वॅटपर्यंत, ५०९० ची ५७५. पंखे तीन असोत, ब्लोअर असो की पाणी, एवढे वॅट तुमच्या शेजारीच बसणार आहेत.

८. पुढच्या गोष्टी चुकूनही करू नका. कार्डाची वीजमर्यादा वीसेक टक्क्यांनी उतरवू नका. खेळ फार मंदावत नाही, पण उष्णता आणि आवाज दोन्ही घसरतात आणि मग तक्रार करायला काही उरत नाही. साठ हर्ट्झच्या मॉनिटरवर खेळ साठ फ्रेमवर बांधू नका. जे चित्र मॉनिटर दाखवूच शकत नाही ते रंगवण्यातच कार्डाचं खरं पौरुष. आणि कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून बघू नका. फुकटचे उपाय गेमरला शोभत नाहीत.

९. शेवटचा टप्पा एसी. कार्डासाठी घ्यायचा, घरच्यांना ‘बाबांच्या बीपीसाठी’ सांगायचा. एसीने व्होल्टेज पडेल, तेव्हा स्टॅबिलायझर. स्टॅबिलायझर गरम होतो, म्हणून घेताना पंखा असलेलाच बघून घ्या.