एक गाडी पवनीची

धान मळून झाला, चुकारा खात्यात पडला, की करडीच्या बसथांब्यावर रात्रीच्या गाड्या लागतात. शेगाव, पंढरपूर, अष्टविनायक, काशी-प्रयाग. काचेवर हार, डिकीत तांदळाचं पोतं आणि शेगडी, हातात नावांची यादी घेऊन धावणारा एखादा मास्तर. या गाड्यांवर माझा जीव आहे. चार महिने बांधीतल्या चिखलात वाकलेली बाई वर्षातून एकदा खिडकीशी निवांत बसते, त्याहून सुंदर दृश्य आमच्या गावात नाही.

पण या सगळ्या गाड्या भंडारा जिल्हा झोपेत ओलांडतात. आपलाच जिल्हा दाखवायला करडीतून सुटलेली एकही गाडी मी आजवर पाहिली नव्हती. म्हणून यंदा आम्हीच काढली. एसटीची प्रासंगिक कराराची गाडी, चाळीसेक माणसं, सोबत पोळ्या आणि जवसाची चटणी. भल्या पहाटे निघून भंडाऱ्यावरून पवनी, आणि रात्रीच्या जेवणाला परत घरी.

पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. वैनगंगेचा घाट, देवळंच देवळं, जुना परकोट. पण आम्ही आधी गेलो जगन्नाथ टेकडीवर. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं इथं उत्खनन केलं, शां. भा. देव आणि जे. पी. जोशी यांच्या देखरेखीखाली. टेकडीच्या पोटातून बौद्ध स्तूप निघाला. व्यास सुमारे 38 मीटर. सांचीचा मोठा स्तूप 36 मीटरच्या थोडा वर भरतो. चांडकापूरच्या टेकडीखालचा स्तूप तर याहूनही मोठा. सांची बघायला लोक भोपाळचं तिकीट काढतात आणि करडीपासून दोन तासांवरच्या टेकडीकडे पाठ करून बसतात. याचा मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

इथं सापडलेल्या एका शिल्पावर मुचलिंद नाग आहे, आणि ब्राह्मी अक्षरांत त्याचं नावही कोरलेलं आहे. बुद्ध ध्यानाला बसले असता झड लागली, तेव्हा ज्यानं फणा धरून त्यांना पावसापासून वाचवलं, तोच हा नाग. शिल्पात बुद्धांची मूर्ती नाही. रिकामं आसन आहे आणि वर नागाची फणा आहे. बुद्धांची मूर्ती घडवायची रीत सुरू होण्याआधीचं हे काम, दोन हजार वर्षांहून जुनं. ही गोष्ट टेकडीवर सांगत होतो तेव्हा आमच्या आळीतली एक आजी खाली बसली, जुन्या विटेवर तळवा टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग म्हणाली, "इतकं जवड होतं, अन् आमाले कोनीच नाही सांगितलं ना बापा."

कोणीच नाही सांगितलं. सगळं दुखणं तिथंच आहे. पवनीला दगड-विटांची कमी नाही. कमी आहे ती सांगणाऱ्या माणसाची, सावलीच्या बाकाची, बायकांसाठी स्वच्छ संडासाची. आम्हाला त्यासाठी एका दुकानदाराच्या घरी विनंती करावी लागली. त्या माउलीनं दार उघडलं, वर चहाही दिला.

माझा भाचा पुण्याच्या एका ग्रुपबरोबर फ्रान्सला बसनं फिरून आला. कार्कासोनचा तट त्यानं फोनवर दाखवला. त्या तटाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. 1849 साली सरकारनं तो पाडायचाच ठरवला होता. क्रो-मेरव्हिए नावाचा गावातलाच इतिहासवेडा माणूस आडवा आला, गावकरी मागे उभे राहिले, आणि 1853 पासून व्हिओले-ल-द्युक या वास्तुकारानं डागडुजीला हात घातला. 1997 साली हे तटबंदीचं गाव जागतिक वारसा झालं. आज टूरची बस तटाबाहेर थांबते, माणसं पायी आत शिरतात, गावचाच वाटाड्या माहिती देतो, जेवण गावातच होतं. पैसा गावात राहतो. पवनीत हे का होऊ नये? आमच्या चाळीस माणसांनी घाटावर नारळ, फुलं, चहा, भजी घेतलीच ना!

शाळांनाही माझं सांगणं आहे. सहलीसाठी एसटी निम्म्या भाड्यात गाडी देते. मग ती गाडी दरवर्षी वॉटर पार्कलाच का जाते, असं मी दोन शाळांत विचारलं. दोन्हीकडे उत्तर एकच, मुलांना तेच आवडतं. गुरुजी, मुलांना दुसरं दाखवलं कधी? आमच्या गाडीत सातवीतला एक पोरगा होता. त्यानं दोरी मागितली आणि टेकडीला पावलांनी फेरा घालून आकडे वहीत लिहिले. पाण्याच्या घसरगुंडीवर त्याला हे सुचलं नसतं.

परत येताना भंडारा मागे पडेपर्यंत गाडीत पुढच्या सहलीचं ठरलंही. तुमसरच्या पुढचा आंबागड. गोंड राजा बख्त बुलंदच्या सरदारानं, राजा खान पठाणानं, 1700 च्या सुमारास बांधलेला. पुढं भोसल्यांनी तिथं कैदी ठेवले. चढण आहे, म्हणून आजीला मी नको म्हणालो. तिनं ऐकलं नाही. यादीत तिचं नाव पहिलं आहे, आणि काल संध्याकाळपर्यंत सत्तावीस नावं झाली आहेत.