उमेदवाराचे तीर्थरूप

चित्रकलेच्या पदवीसाठी विद्यार्थी अर्ज करतो, असे माहितीपुस्तिकेत छापलेले असले तरी ते वस्तुस्थितीला धरून नाही. विद्यार्थी चित्रे काढतो. अर्ज करतात ते त्याचे तीर्थरूप. वयाने पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, पेशाने एखाद्या कचेरीतील अव्वल कारकून, वृत्तीने पापभीरू, आणि ज्यांचा कलेशी आजवरचा संबंध नोंदवहीच्या कोऱ्या पानाला तांबड्या शाईने समास आखण्यापलीकडे कधी गेलेला नाही, असे हे गृहस्थ एकाएकी ‘शेडिंग’, ‘कॉम्पोझिशन’ आणि ‘पर्स्पेक्टिव्ह’ हे शब्द उच्चारू लागले, म्हणजे त्या घरातील कन्येने बी.एफ.ए.ची उमेदवारी पत्करली आहे, असे शेजाऱ्यांनी खुशाल समजावे.

आरंभी तीर्थरूप या बेताच्या विरुद्ध असतात. कन्या शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा उत्तीर्ण झाली, तेव्हा त्यांनी तिचे कौतुक केले नव्हते असे नाही. परंतु ते कौतुक कलेचे नसून, इंटरमीजिएटच्या ‘अ’ श्रेणीपोटी दहावीच्या निकालात मिळणाऱ्या ७ वाढीव गुणांचे होते. गुण पदरात पडल्यावर रंगपेटी माळ्यावर जावी आणि मुलीने विज्ञान शाखेच्या मार्गाला लागावे, अशी त्यांची सरळ योजना. त्यांचे मतपरिवर्तन घडवून आणले ते कोणा चित्रकाराने नव्हे, तर एका परिपत्रकाने. या पदवीलाही शासनाची सामाईक प्रवेश परीक्षा आहे, तिला वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र या प्रात्यक्षिकांखेरीज सामान्यज्ञानाचाही पेपर आहे, गुणवत्ता यादी लागते, प्रवेशाच्या फेऱ्या होतात, आणि नामांकित महाविद्यालयांतील जागा मोजक्या असल्यामुळे पुष्कळांना परत फिरावे लागते, एवढे त्यांनी वाचले मात्र, आणि ललित कलांविषयी त्यांच्या मनात आयुष्यात प्रथमच आदर उत्पन्न झाला. जिथे मागेल त्याला प्रवेश मिळतो ते शास्त्रदेखील आमच्या मध्यमवर्गाला शास्त्र वाटत नाही. आणि जिथून पुष्कळांना नकार मिळतो, ती कला का असेना, विचारार्ह ठरते.

त्याच दिवशी फाईल उघडली जाते. शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा दाखला, गुणपत्रिका, रेखाकला परीक्षांची प्रमाणपत्रे, त्या सर्वांच्या साक्षांकित नकला, आणि एखादा कागद गहाळ झाल्यास त्या नकलांच्याही नकला, असा दस्तऐवज क्रमवार लावून ते पहिल्या पानावर स्वहस्ते अनुक्रमणिका लिहितात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहताना त्यांची मुद्रा कृतार्थ दिसते. कारण मुलीच्या कलाजीवनात हा एकच प्रांत असा आहे, की जिथे तिच्याहून त्यांचा अधिकार मोठा आहे. एकदाच काय तो गोंधळ होतो आणि तो सहीवरून. कन्येची सही दर महिन्याला निराळी असते: कधी आडनाव गळते, कधी अखेरच्या अक्षराचा वेलांटा चौकटीबाहेर जाऊन खालच्या शिक्क्याच्या जागेवर अतिक्रमण करतो. ‘अगं, अर्जावरची सही आणि हॉल तिकिटावरची सही जुळली नाही तर तुला आत कोण सोडणार?’ हा तीर्थरूपांचा प्रश्न, आणि ‘बाबा, सही म्हणजे काय शिक्का असतो का?’ हा कन्येचा प्रतिप्रश्न, यांवर एक संपूर्ण रविवार खर्ची पडतो. सायंकाळी उभयपक्षी तडजोड होऊन वेलांटा चौकटीच्या आत बसवण्यात येतो.

खरा कहर होतो तो वस्तुचित्राच्या सरावाने. खिडकीतून डाव्या बाजूने उजेड येईल अशा बेताने एक स्टूल मांडले जाते. त्यावर पंचा, पंचाला बुद्धिपुरस्सर पाडलेल्या तीन चुण्या, मागे पितळी तांब्या, पुढे तीन वांगी आणि त्यांतले एक आडवे, अशी रचना क्लासच्या सरांच्या सूचनेबरहुकूम सिद्ध होते. ही वांगी मातोश्रींनी भरून करण्याच्या हेतूने मंडईतून आणलेली असतात. ‘अहो, ती वांगी तेवढी द्या, वाटण वाळून चाललंय,’ असा पुकारा स्वयंपाकघरातून होतो, तेव्हा तीर्थरूप जातीने स्टुलापुढे उभे राहून, छायेचे काम अद्याप बाकी असल्याचे जाहीर करतात आणि त्या रात्री घर पिठल्यावर जेवते. दुसऱ्या दिवशी वांग्यांचे देठ काळवंडतात, तिसऱ्या दिवशी साल सुरकुतते आणि कालच्या चित्राशी आजची वस्तू जुळेनाशी होते. पण तोवर तीर्थरूपांना एक साक्षात्कार झालेला असतो. वांग्याच्या जांभळ्या अंगावर खिडकीचा एक लहानसा पांढरा चौकोन चमकतो आणि त्याची पंचावरील सावली काळी नसून किंचित निळसर असते, हे त्यांना कन्येने दाखवले. पन्नास वर्षे वांगी खाल्लेल्या माणसाने त्या दिवशी वांगे प्रथम पाहिले. हा शोध ते कचेरीत जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांना सांगतात. सहकारी डबा झाकतात.

स्मरणचित्राच्या तयारीत सारे कुटुंबच वेठीस धरले जाते. या विषयात ‘बसथांब्यावरील प्रवासी’ किंवा ‘भाजी बाजारातील एक प्रसंग’ अशा धर्तीचे काही काढावे लागत असल्यामुळे, तीर्थरूप हातात छत्री घेऊन दिवाणखान्यात नसलेल्या बसची प्रतीक्षा करीत उभे राहतात, धाकटे चिरंजीव पायरीवर पाटी मांडून बसतात आणि आजीबाईंना पाठमोऱ्या उभ्या राहून भाव करण्याची आज्ञा होते. आजीबाई भाव करता करता खरोखरच तापतात. वस्तुतः स्मरणचित्र स्मरणातून काढायचे असते, समोर माणसे उभी करून नव्हे, हा मुद्दा कन्या मांडून पाहते. पण उत्साहाच्या भरात असलेल्या वडिलांपुढे नियमावलीचे काही चालत नाही.

नातेवाइकांचा समाचार घेणे हे तीर्थरूपांचे स्वतंत्र खाते. ‘चित्रं काढून पुढे काय?’ हा प्रश्न लग्नकार्यात हमखास निघतो आणि त्यासाठी त्यांनी सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून दारूगोळा जमवून ठेवलेला असतो. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याच वर्षी, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून सुरू झाले. रुडयार्ड किपलिंग १८६५ साली त्याच आवारात जन्मला (आज तिथे दाखवतात तो बंगला नंतरचा आहे, हा तपशील ते वगळतात). दादासाहेब फाळक्यांनी १८८५ साली तिथेच नाव घातले होते. एवढ्यानेही प्रश्नकर्ता नमला नाही, तर ते गायतोंड्यांना पाचारण करतात. वासुदेव गायतोंडे जे. जे.तून १९४८ साली पदविका घेऊन बाहेर पडले आणि त्यांचे एक चित्र २०१३ साली मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले, असे सांगताना तीर्थरूपांचा आवाज चढतो आणि अभियंत्याचे वडील श्रीखंडाची वाटी पुढे ओढतात. लिलावाच्या वेळी गायतोंड्यांना जाऊन बारा वर्षे झाली होती आणि हयातीत ते दिल्लीला अगदी साधेपणाने राहिले, ही बाब मात्र तीर्थरूपांनी घरातही कुणाला सांगितलेली नाही. चित्रकार सूझांना १९४५ साली जे. जे.तून काढून टाकले होते, हे प्रकरण तर त्यांनी फाईलबंदच केले आहे.

इतकी तयारी झाल्यावर एकाच परीक्षेवर विसंबून राहणे त्यांच्या शिस्तीत बसत नाही. म्हणून बडोद्याचा अर्ज, शांतिनिकेतनच्या कलाभवनाचा अर्ज, असे शुल्क भरून एकेक दरवाजा ठोठावला जातो. कन्येला नेमके काय हवे, रंगकला की शिल्पकला, असे कुणी विचारल्यास तीर्थरूप उपयोजित कलेचे नाव घेतात, कारण जाहिरात संस्थांत पगार महिन्याच्या महिन्याला होतो. कन्या काहीच बोलत नाही आणि कागदाच्या कोपऱ्यात वडिलांचे नाक काढते. नाक हुबेहूब येते.

परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकाबाहेर असे अनेक तीर्थरूप आपापली फाईल काखेत धरून एका झाडाखाली जमतात. ‘आमचीचं ड्रॉइंग पक्कं आहे, रंगात जरा घाई करते,’ असे एकजण म्हणतो, तर दुसरा स्वतःच्या मुलाच्या संकल्पचित्रातील समतोलाविषयी साधार चिंता व्यक्त करतो. फाटकाच्या आत बसलेल्या परीक्षकांपेक्षा या झाडाखालचे मंडळ अधिक कठोर आणि, माझ्या मते, पुष्कळ अंशी अधिक जाणकार असते. त्यांना फक्त चित्र काढता येत नाही.

यथावकाश निकाल लागतो. पहिल्या फेरीत नाव नसते, दुसऱ्या फेरीत लागते आणि तीर्थरूप शुल्काची पावती फाईलच्या अखेरच्या पानावर लावून अनुक्रमणिकेत तिची नोंद करतात. कन्या चार वर्षांसाठी वसतिगृहात जाते. स्टूल रिकामे होते आणि भरली वांगी वेळच्या वेळी होऊ लागतात. धाकट्या चिरंजिवांनी वाणिज्य शाखेला जाण्याचा निश्चय जाहीर केल्यापासून तीर्थरूप मात्र उदास असतात. सी.ए.ची परीक्षा पुष्कळ कठीण असते आणि तिच्यातूनही बहुसंख्य परत फिरतात, असे मित्रांनी त्यांना सांगून पाहिले. परंतु त्या शाखेला स्मरणचित्राचा पेपर नाही.