बापूंची रेघ

अमरावतीच्या साईनगरात बापू राहतात आणि बापूंना रायफलीवर बसवायला एक दुर्बीण घ्यायची आहे. हे वाक्य मी वर्तमानकाळात लिहिलं आहे. ते बदलावं लागेल अशी चिन्हं नाहीत.

बापू हे निवृत्त चित्रकला मास्तर. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला पोरं बसवण्यात त्यांची हयात गेली. रायफल वडिलांची, इशापूरच्या सरकारी कारखान्यातली, ३१५ बोरची, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. वावर चांदूर रेल्वेच्या वाटेवर, पोहऱ्याच्या जंगलाला लागून. त्या अंगाला वावर असणं म्हणजे काय, हे तिकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. हरभऱ्याचे शेंडे रोही खातो, उरलेला डुकरं उकरतात आणि तूर शेंगांवर आली की दोन्ही पार्ट्या धुरा ओलांडून मुक्कामालाच येतात. तेव्हा बापूंची गरज खरी आहे, रायफल खरी आहे, परवान्याचं नूतनीकरणही वेळच्या वेळी होतं. घोडं अडलंय ते फक्त रेटिकलवर.

रेटिकल म्हणजे दुर्बिणीला डोळा लावल्यावर मधोमध दिसते ती फुली. आपण ती सिनेमात पाहिलेली असते. फुलीखाली खलनायक असतो आणि आपलं काम संपतं. बापूंनाही तेवढीच माहीत होती. पण एका दुपारी कुणीतरी त्यांच्या हातात एक रंगीत कॅटलॉग दिला आणि त्यात फुल्यांची सोळा चित्रं होती. ज्यानं आयुष्यभर पोरांच्या वह्यांत ‘रेघ जाड झाली’ असं लाल शाईनं लिहिलं, त्याच्या हाती असं पुस्तक देणाऱ्याचा शोध काकू अजून घेत आहेत.

“आता तू मले सांग,” बापू सुरू होतात, “डुक्कर वावरात किती दूर दिसते? चाळीस पावलं. लय झालं तं साठ. अन् ते काय फोटो काढाले उभं राहते? पळते! म्हून मोठी दुर्बीण पायजेच नाई. एक ते चार पट, नाई तं एक ते सहा. एकावर ठेवली का दोन्ही डोळे उघडे, सारं वावर दिसते. इथवर माहं पक्कं हाये.”

इथवर त्यांचं पक्कंही आहे आणि बरोबरही. “मग फुली कोणती?” असं पुढे विचारू नये. मी विचारतो, कारण तेवढ्या वेळात आत सांबारवडी तळून होते.

पहिला उमेदवार म्हणजे ड्युप्लेक्स. चारी बाजूंनी जाड रेघा येतात आणि मध्याजवळ एकदम बारीक होतात. ल्युपोल्ड नावाच्या अमेरिकन कंपनीनं ही १९६२ साली काढली आणि शिकारी दुर्बिणींत आज सगळ्यात जास्त हीच दिसते. बापूंना ती मान्य आहे, पण तिच्यात त्यांना कल्पकता कमी वाटते. “पास करीन, पन ‘ए’ ग्रेड नाई देनार.” दुसरी जर्मन चार नंबर. डावीकडे, उजवीकडे आणि खाली ठसठशीत जाड पट्ट्या, वरची बाजू मात्र मोकळी, नुसती बारीक रेघ. दिवेलागणीच्या उजेडात काळ्या डुकराच्या अंगावर काळी बारीक फुली हरवून जाते. जाड पट्ट्या तेव्हाही दिसतात आणि नजर आपोआप मधे येते. बापूंचं मन हिच्यावर बसलेलं आहे. पण कारण त्यांचं वेगळंच. “वरतं आभाय मोकयं ठेवलं पाय त्यानं. याले कंपोझिशन म्हंतात.”

तिसरी शिडीवाली. फुलीच्या खाली पायऱ्यापायऱ्यांनी रेघा. दूरच्या निशाणाला गोळी जेवढी खाली पडणार, तेवढी खालची पायरी धरायची. मोठी हुशारीची गोष्ट. पण त्या शिड्या बहुतेक करून २२३ आणि ३०८ या परदेशी काडतुसांच्या हिशेबानं कोरलेल्या असतात. आपली इशापूरची ३१५ जड, संथ गोळी टाकते. तिच्यासाठी कुणी शिडी कोरल्याचं बापूंच्या कॅटलॉगात तरी नाही. शिवाय चाळीस पावलांवर गोळी पडायला सवड कुठे आहे? एवढं कळल्यावर शहाणा माणूस शिडी बाद करून मोकळा झाला असता. बापूही झाले असते, पण अकोल्याला त्यांचे साडू राहतात.

हे अण्णा. जठारपेठेत घर, पाटबंधारे खात्यात मोजणीचं काम करून निवृत्त. थिओडोलाइटमध्ये डोळा घालून या माणसानं अर्धा जिल्हा मोजला. त्या यंत्रातही मधल्या रेघेच्या वर-खाली दोन आखूड रेघा असतात. समोरच्या पट्टीवर त्या दोघींमध्ये किती माप सापडतं ते वाचायचं, शंभरानं गुणायचं, अंतर हातात. त्यामुळे ज्या फुलीनं काही मोजता येत नाही ती अण्णांच्या लेखी फुलीच नव्हे. त्यांना मिलच्या खुणा पाहिजेत. शंभर मीटरवर एक मिल म्हणजे बरोबर दहा सेंटिमीटर. अमेरिकेतले लोक एमओए वापरतात, ते तिथे तीन सेंटिमीटरला जरा कमी भरतं. अण्णा मेट्रिकवाले आहेत.

“डुकराले शंभर मीटरवर उभं कराचं का मोजाले?” बापू फोनवर विचारतात.

“बापूसाहेब, माप पक्कं असलं का डुक्कर येतेच मापात,” अण्णा तिकडून म्हणतात.

फोन रात्री नऊला सुरू होतो. खरं भांडण आहे ते प्रतलाचं. रेटिकलची काच दुर्बिणीत पुढच्या बाजूला बसवली, म्हणजे पहिल्या फोकल प्रतलात, तर पट वाढवल्यावर चित्राबरोबर फुलीही मोठी होते. मागे बसवली, दुसऱ्या प्रतलात, तर चित्र वाढतं आणि फुली आहे तेवढीच राहते. अण्णा पहिल्याचे, कारण त्यात मिल कुठल्याही पटीवर मिलच राहतो. बापू दुसऱ्याचे, कारण पहिल्यातली दुर्बीण एकावर आणली की अण्णांची सगळी खुणांची शेती आक्रसून डासाएवढी होते, आणि डुक्कर येतं ते नेमकं एकावर असतानाच. दुसऱ्या प्रतलात खुणांचं माप एकाच पटीवर, बहुधा सगळ्यात मोठ्या पटीवर, खरं असतं. पण ज्याला मोजायचंच नाही त्याचं काय बिघडतं? माझं मत विचाराल तर बापूंचं बरोबर आहे. हे मी अकोल्यात बोलत नाही.

जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीजचा विक्रम झाला. बापू नि अण्णा दोघंही कौतुकानं बातम्या पाहत होते आणि ते १०५ तास त्यांचा वाद पहिल्या प्रतलातून दुसऱ्यात गेला नव्हता. रस्ता झाल्याचा परिणाम एवढाच, की अण्णा आता फोन न करता स्वतः येतात.

असेच एकदा ते खिशात लाल ठिपका घेऊन आले. पुतण्याच्या छर्ऱ्याच्या बंदुकीवरचं छोटं नळकांडं, आत फुली नाही, नुसता उजेडाचा ठिपका. बापूंनी डोळा लावला. “अण्णा, हा ठिपका नाई, स्वल्पविराम हाये.” अण्णांनी पाहिलं, त्यांना गोल दिसला. मी पाहिलं, गोल. काकूंनी पदराला हात पुसत पाहिलं, गोल. बापूंनी नळकांडं फिरवलं, उलटं धरलं, गच्चीवर नेलं. स्वल्पविराम जागचा हलेना. शेवटी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, तर उजव्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर निघाला. बुबुळाची गोलाई एका दिशेला कमीजास्त असली की उजेडाचा ठिपका असाच फाटतो किंवा लांबतो. काचेवर कोरलेली काळी रेघ त्या मानानं सरळ दिसते. चष्मा झाला, ठिपका गोल झाला, पण बापूंचा त्याच्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

तरी उजळणारी फुली त्यांनी पूर्ण सोडलेली नाही. कोरलेली रेघ, आणि अंधार पडल्यावर तिचा मध्य लाल करायला आत छोटा दिवा, असा एक पोटप्रकार विचाराधीन आहे. त्याला सीआर २०३२ ची बटणासारखी बॅटरी लागते: वीस मिलिमीटर व्यास, जाडी ३.२, आकार नावातच लिहिलेला. ती बापूंनी घेऊन ठेवली आहे. एवढ्या वर्षांत दुर्बिणीची झालेली ही एकमेव खरेदी. ठेवली होती असं म्हणायला हवं, कारण काकूंच्या साखर तपासायच्या मशीनमध्ये तीच बसते. एका सकाळी ती तिकडे गेली आणि काकूंची उपाशीपोटीची साखर १७० निघाली. “पाहा,” काकू म्हणाल्या, “तुमच्या त्या फुलीपायी माही साखर वाढली.”

मास्तर असल्यामुळे बापूंचा प्रात्यक्षिकावर भर. दुर्बीण नाही तर नाही, फुली तर करता येते. ठिबकच्या उरलेल्या नळीचे वीतभर तुकडे कापून त्यांनी तोंडाशी काळा शिलाई दोरा ताणून चिकटवला. एकात ड्युप्लेक्स: बाहेर जाड दोरा, मध्ये काकूंचा केस. एकात जर्मन चार नंबर, तिच्या पट्ट्या उदबत्तीच्या काडीच्या. अण्णांच्या आग्रहाखातर एकात मिल, ती मात्र बापूंनी मुद्दाम वाकडी केली आहे असा अण्णांचा आरोप आहे. बापू सकाळी गच्चीत उभे राहून या नळ्यांतून समोरच्या टाकीवरचा कावळा पाहतात. समोरच्या वहिनींना कावळा दिसत नाही, बापू दिसतात. त्यावरून जे झालं ते इथे नको.

जुन्या काळी दुर्बिणीतली फुली कोळ्याच्या तंतूची असायची, हे बापूंना कुठेसं वाचायला मिळालं. ते खरंच आहे. सतराव्या शतकात विल्यम गॅस्कॉइन नावाच्या इंग्रज खगोल अभ्यासकाच्या दुर्बिणीत कोळ्यानं एक धागा विणला, तो त्याला स्पष्ट दिसला आणि त्यातून ही सगळी विद्या निघाली. पुढे कितीतरी काळ मोजणीच्या यंत्रांत कोळ्याचाच धागा लावत. झालं, त्या दिवाळीला बापूंनी माडीवरची जाळी काढू दिली नाहीत. लक्ष्मीपूजनाला आलेले लोक वर बघत होते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं. मी बापूंना म्हटलं, त्या खेळात दुर्बीण चालत नाही. बारीक छिद्रातून पाहतात आणि दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम दहा मिलिमीटरचं असतं. बापू बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “त्याचं बरं हाये. त्याले निवडाचं कामच नाई.”

आमच्याकडे निवडणारी माणसं तशी कमी नाहीत. बियाण्याच्या दुकानापुढे मे महिन्यात बघा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं वाण घ्यावं की कंपनीचं, यावर चार-चार चहा होतात. पण मृग लागतो, आभाळ भरतं आणि माणूस मुकाट्यानं एक थैली उचलतो. रेटिकलला मृग नाही. त्यामुळे बापूंना कुणी घाई करू शकत नाही. वनखात्याकडे अर्जही त्यांनी अजून केलेला नाही. पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराला नि रोह्याला मारायचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाखाली लेखी परवानगी लागते, आणि बापूंचं म्हणणं, अर्जात हत्याराचा तपशील लिहावा लागेल, तो आधी ठरू तर द्या.

२०२४ च्याच विधानसभेच्या वेळी अण्णा जागलीला आले. आचारसंहितेमुळे रायफल ठाण्यात जमा होती, लोकसभेलाही होतीच. म्हणून आम्ही नळ्या घेऊन गेलो. माच्यावर बापू, अण्णा, मी. खाली सालदार नि त्याचं कुत्रं. रात्री अकराच्या सुमाराला तुरीत खसफस झाली आणि एक मादी आठ-दहा पिल्लं घेऊन हरभऱ्यात शिरली. चांदण्यात स्वच्छ दिसत होती. बापूंनी चार नंबर लावली, अण्णांनी मिल.

“मधात हाये,” बापू कुजबुजले.

“किती मिल?” अण्णा.

“अण्णा, मधात हाये म्हंतो ना!”

“रुंदी सांगा, अंतर काढतो.”

“तुमच्या नळीत काय दिसते ते तुमी पाहा!”

“तुमी वाकडी केली ना ते!”

हे कुजबुजत सुरू झालं होतं, इथवर येईपर्यंत शेजारच्या वावरातला जागल्या काय झालं विचारायला लागला. डुकरं मात्र खात होती. इतका मोठ्यानं वाद घालणारा माणूस मारणार नाही, हे त्यांना कळलं असावं. शेवटी सालदारानं डालड्याचा डबा बडवला, कुत्रं सोडलं, आणि कळप पोहऱ्याच्या दिशेनं पसार झाला. बापू चिडले ते सालदारावर. “काऊन हाकललं बे? आत्ता कुठी जमून रायलं होतं.”

दुसऱ्या आठवड्यात काकूंनी आपल्या बचत गटाच्या पैशातून वावराभोवती सौर झटका मशीन लावून घेतलं. सालदार एका दिवसात तार ओढून मोकळा झाला. त्या हंगामात हरभरा घरी आला. बापूंनी तो निवडला, पाखडला आणि म्हणाले, तारेच्या दोन ओळींत अंतर जरा चुकलंय, रेघ बसली नाही.

आता यादीत दोनच फुल्या उरल्या आहेत, आणि येत्या पाडव्याला निकाल लावू असं दोन्ही साडूंचं ठरलं आहे. वाचकांपैकी कुणाकडे नवा कॅटलॉग आला असेल, तर कृपा करून तो साईनगरात आणू नये. काकूंनी हे मुद्दाम छापायला सांगितलं आहे.