भाव फुटायच्या आधी

ट्रॉलीत हळदीचे कट्टे, कट्ट्यांवर ताडपत्री, ताडपत्रीवर मामा, मामांच्या शेजारी भाचा आणि भाच्याच्या हातात मोबाइल, अशा उतरंडीनं आम्ही परवाची रात्र हिंगोलीच्या हळद बाजारात काढली. पुढं ट्रॅक्टरांची रांग, मागं ट्रॅक्टरांची रांग. बीट, म्हणजे लिलाव, सकाळी. उद्या काय भाव फुटेल यावर कुणी अवाक्षर काढत नव्हतं. चर्चा रंगली होती ती एका जर्मन कंपनीच्या येऊ घातलेल्या सेडानवर. गाडी अजून बाजारात यायची आहे, पण रांगेतल्या दर तिसऱ्या माणसाला तिची किंमत तोंडपाठ.

भाचा या विषयातला दर्दी. त्याची स्वतःची मोटारसायकल महिन्याभरापासून गॅरेजात आहे, कारण सुटा भाग आणायला बाराशे रुपये जमेनात. त्यानं काही अडत नाही.

“दोन लिटरचं टर्बो पेट्रोल तर पक्कंच, मामा. वरच्या मॉडेलला सहा सिलिंडर.”

“एचपी किती?”

“दोनशेच्या वर.”

मामा विचारात पडले. “आपला ट्रॅक्टर पंचेचाळीसचा. तो ही ट्रॉली ओढतो. दोनशेचं ते काय ओढतंय?”

“एक साहेब. मागच्या सीटवर.”

“एकच?”

“पाय लांब करून बसतो म्हणून व्हीलबेस वाढवलाय. दोन चाकांत दहा फूट.”

“अन् मधलं पोट? आपल्या वेशीतल्या गतिरोधकावर टेकलं की मंग साहेब उतरून ढकलतो का?”

याचं उत्तर मोबाइलात नव्हतं.

मग किमतीकडं गाडी वळली. भाच्याची पद्धत शास्त्रीय आहे. चाकणला जोडलेली मर्सिडीजची लांब ई-क्लास ऑक्टोबर 2024 मध्ये 78.5 लाखांपासून सुरू झाली, म्हणजे ही धरा 80. त्यावर आरटीओचा कर पेट्रोलला 13 टक्के, म्हणजे 10 लाख 40 हजार. डिझेल घेतली तर 15 टक्के, म्हणजे 12 लाख. “डिझेल नको,” भाचा म्हणाला, जणू पुढं चेक फाडायचा होता. सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवरचा कर उपकरासह 48-50 टक्के होता तो 40 वर आला, हे सांगताना तर वाचलेली रक्कम थेट त्याच्याच खात्यावर आल्यासारखा तो फुलला. एमएच 38 च्या पाटीवर कोणता नंबर घ्यायचा, तेवढंच ठरायचं राहिलं.

मामांनी तोवर 80 लाखांची हळद केली. भाव बारा हजार धरला, तर पावणेसातशे क्विंटलच्या आसपास. एकरी वाळून वीस-पंचवीस क्विंटल. म्हणजे तीस एकरांचं सगळं पीक, खत-मजुरी-शिजवणी-पॉलिश फुकटात झालं असं समजून.

“बारा हजार मिळतील का उद्या?” मी विचारलं.

दोघंही माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी देवळात चप्पल घालून शिरलोय.

हा नाद मराठवाड्याला नवा नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादेत मंडळींनी गट करून एका दिवसात 150 मर्सिडीज घेतल्या. 65 कोटींचा सौदा. मागास म्हणतात काय आम्हाला, असा त्यात बाणा होता. स्टेट बँकेनं कर्ज दिलं, व्याज 7 टक्के. ट्रॅक्टर घेणाऱ्याला तेव्हा त्याहून बरंच जास्त पडत होतं; बँकेच्या लेखी मर्सिडीज नांगराला जुंपायची असावी. योगायोग असा, की त्याच साली हळदीनंही क्विंटलला पंधरा हजार ओलांडले होते. पुढच्या दोनेक वर्षांत ती पाच हजारांखाली आली. मर्सिडीजचा भाव गडगडल्याचं मात्र कुणाच्या कानावर नाही.

“आत बसलं की इंजिन चालू हाय का बंद, कळतच नाही,” भाचा पहाटे म्हणाला. आपल्या जिल्ह्याला शांततेचं वावडं नाही. औंढ्याजवळ दुधाळ्याला 2600 कोटींची लायगो प्रयोगशाळा मंजूर आहे. चार-चार किलोमीटरचे दोन हात पसरून ती प्रोटॉनहून कितीतरी पट बारीक थरथर मोजणार. ब्रह्मांडात कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, ते औंढ्यात कळेल. हळदीच्या भावाला कुठून धक्का बसतो, ते सांगणारं यंत्र मंजूर झाल्याचं ऐकिवात नाही.

नऊच्या सुमाराला बीट आमच्या ढिगाशी आलं. खरेदीदारांचा घोळका, बाजार समितीचा माणूस, वही. एकानं कांडी उचलली, कानाजवळ नेऊन कट्टकन मोडली, आतला रंग पाहिला आणि निम्मी कांडी परत ढिगात टाकली. दोन-चार आकडे हवेत उडाले. शेवटचा आकडा बाराच्या बराच अलीकडं थांबला. घोळका पुढच्या ढिगावर. नऊ महिन्यांच्या पिकाला मिनिटही लागलं नाही.

दुपारी मामांच्या हातात पट्टी आली. त्यांनी ती चष्मा पुसून दोनदा वाचली.

“हमाली कापली. तोलाई कापली.” मग भाच्याकडं वळून, “तुझ्या त्या गाडीची हमाली कोण भरतंय रे? कंपनी?”

“नाही मामा. घेणारा. हँडलिंग चार्जेस म्हणतात शोरूमवाले.”

“म्हंजी विकणाऱ्याचा माल उचलायचा पैसा घेणारा देतो?”

“होय.”

“अन् भाव?”

“तो कंपनी ठरवते. विकणारीच.”

मामांनी पट्टीची घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली, रिकाम्या ट्रॉलीवर हात मारला आणि म्हणाले, “मंग त्या गाडीचं बेणं कुठं मिळतंय, तेवढं बघ तुझ्या मोबाइलात.”