चुका काढणारे पाहिजेत

पुण्यात सल्ला देणारे घरटी दोन निघतात. मागणारा मात्र बाहेरगावाहून आणावा लागतो. त्यामुळे ‘आमचा माल अजून कच्चा आहे, वापरून पाहा आणि चुका कळवा’ असं कोणी आपण होऊन म्हणतं, यावर माझ्या सासऱ्यांचा विश्वासच बसेना.

“विकणारा असं म्हणतो?” अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला.

“हो.”

“आणि चूक दाखवली तर भांडत नाही?”

“उलट आभार मानतो.”

“मग काहीतरी गोम आहे, जावईबापू.”

अप्पांची उभी हयात शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. लग्नपत्रिका हातात पडली की नवरा-नवरीच्या नावांआधी त्यांना ऱ्हस्व-दीर्घ दिसतं. आमच्या पत्रिकेतल्या ‘आर्शिवाद’चा ‘आशीर्वाद’ होईपर्यंत ते मुद्रित परत पाठवत राहिले, आणि काही नातेवाइकांच्या हाती ती पत्रिका पडली तेव्हा आम्ही महाबळेश्वरहून परत आलो होतो. निवृत्तीनंतर मात्र त्यांची पंचाईत झाली. वर्तमानपत्रांत चुका हव्या तेवढ्या, पण दर ओळीला सापडायला लागल्या की शोधण्यातली मजा जाते, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी सोसायटीच्या नोटिसा लाल शाईनं सुधारून पुन्हा फळ्यावर लावायला सुरुवात केली, तेव्हा सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठून हात जोडले. शेवटी माझ्या मेव्हण्याचा मुलगा, जो हिंजवडीत पगार घेऊन टेस्टिंगच करतो, तोडगा घेऊन आला. “काका, आजोबांना बीटा द्या.”

नव्या ऑपरेटिंग सिस्टीमची पक्की आवृत्ती बाजारात येण्याआधी काही महिने कंपन्या तिची चाचणी आवृत्ती हौशी लोकांच्या हाती देतात, ती बीटा. मायक्रोसॉफ्टनं 2014 मध्ये यासाठी ‘इनसायडर’ नावाची कायमची योजनाच काढली. फेडोरा या लिनक्सवाल्यांकडे तर ‘रॉहाइड’ म्हणून एक आवृत्ती असते, ती जवळजवळ रोज बदलते, आणि तीच रोजच्या कामाला वापरणारी माणसं या जगात सुखानं नांदतात. आता हे सगळं फुकट मिळतं. पूर्वी तसं नव्हतं. 1995 साली विंडोज 95 ची चाचणी आवृत्ती हवी असेल तर 19 डॉलर 95 सेंट मोजावे लागत. मग फ्लॉप्यांचा गठ्ठा यायचा. ॲपलनं सप्टेंबर 2000 मध्ये मॅक ओएस टेनचा बीटा 29 डॉलर 95 सेंटला विकला. दोन्हींची मुदत ठरलेली, ती संपली की खेळ खलास. म्हणजे पैसे आपण भरायचे, चुका आपण काढायच्या, आणि वर ठरल्या दिवशी माल बंद पडायचा. हे ऐकून अप्पांनी ज्या नजरेनं अमेरिकेच्या दिशेला पाहिलं, ती नजर आजवर फक्त पंचांगाची किंमत वाढवणाऱ्यांच्या वाट्याला आली आहे. ॲपलनं पुढे पक्की आवृत्ती घेणाऱ्यांना तीस डॉलर वळते करून दिले, हे सांगितल्यावर ते जरा निवळले.

आमच्याकडे आलेली सिस्टीम कुठल्या कंपनीची, ते मी लिहिणार नाही. लिहिलं तर उरलेल्या दोन पंथांचे लोक ‘आमच्यात असलं काही होत नाही’ हे सांगायला घरी येतील, आणि आमच्याकडे चहा आधीच फार होतो.

मेव्हण्याच्या मुलानं नियम घालून दिले. रोजच्या मशीनवर बीटा टाकायचा नाही. ज्याचं सुतक पाळावं लागणार नाही असा जुना लॅपटॉप घ्यायचा. बॅकअप घेतल्याखेरीज पेन ड्राइव्हला हात लावायचा नाही. मी माझा जुना, बिजागरीला चिकटपट्टी लावलेला लॅपटॉप काढून दिला. सुरुवातीलाच कराराचं लांबलचक पान आलं आणि खाली ‘मला मान्य आहे’चं बटण. जगातली यच्चयावत माणसं तिथे डोळे मिटून बटण दाबतात. अप्पा करार वाचायला बसले. दुपारचं जेवण झालं, वामकुक्षी झाली, चार वाजता त्यांनी मान वर केली. “दोन ठिकाणी स्वल्पविराम नाही,” ते म्हणाले, “पण आशय मान्य आहे.” मग बटण दाबलं.

नवी सिस्टीम आली की लोक आधी तिचे रंग पाहतात, खिडक्यांचे कोपरे गोल झालेत का ते पाहतात. अप्पांचं तसं नाही. त्यांनी एक कोरं पान उघडलं आणि एकेका बोटानं टाइप केलं: ‘वऱ्हाड पुऱ्या खाऊन पायऱ्या उतरलं.’ या एका वाक्यावर त्यांनी तारुण्यात भल्याभल्या कंपोझिटरांच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं. हा आडवा, अर्धा र खास आपला. हिंदीवाल्यांना तो लागत नाही, त्यामुळे तो मोडला तरी दिल्लीपर्यंत हाक जात नाही. संगणकात तो दोन वाटांनी काढता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी, साध्या र चा पाय मोडून मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालायचं. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते वेगळे, म्हणून एका वाटेनं लिहिलेल्या पुऱ्या दुसऱ्या वाटेनं शोधल्या तर सापडत नाहीत.

आमच्या बीटात पानावर हा र नीट दिसत होता. फाइल जतन केली, की खिडकीच्या वरच्या पट्टीत तो टुणकन उडी मारून रफार होऊन बसायचा. अप्पांना हे सापडलं ते बायकोनं भाच्याच्या मुंजीसाठी केलेल्या हिशेबात. फाइलचं नाव होतं ‘आचाऱ्यांना आगाऊ’. वरच्या पट्टीत दिसत होतं ‘आचार्यांना आगाऊ’.

“उद्या हे पैसे शृंगेरीला जातील,” अप्पा म्हणाले आणि बाह्या सरसावल्या.

तक्रारीच्या फॉर्ममध्ये तीन रकाने होते. तुम्ही काय केलंत? काय होईल अशी तुमची अपेक्षा होती? प्रत्यक्षात काय झालं? मधला रकाना वाचून अप्पा हेलावले. संसार झाला, नोकरी झाली, पण त्यांची अपेक्षा काय होती हे आजवर कोणी लेखी विचारलं नव्हतं. ‘महोदय, सप्रेम नमस्कार’ अशी सुरुवात करून त्यांनी खिळ्यांच्या छपाईपासून आजपर्यंत मराठी अक्षराची झालेली हेळसांड मांडली. नातवानं ते वाचलं आणि दोन ओळी ठेवून बाकी काढून टाकलं.

“आजोबा, रिप्रो स्टेप्स द्या. कुठलं बिल्ड, कुठला फाँट, कुठली खिडकी. समोरच्याला त्याच्या मशीनवर तीच चूक पुन्हा घडवून पाहता आली पाहिजे.”

इथे दोन संस्कृतींचा संघर्ष होता. पुणेरी तक्रारीत चूक पुन्हा घडावी लागत नाही. ती एकदा घडली की पुरे. पुढची चाळीस वर्षं ती कुठल्याही कार्यात, कुठल्याही पंगतीत, आहे त्या तपशिलासह पुन्हा ऐकवता येते.

तक्रार गेली. मग तिच्यावर शेरे पडायला लागले. बग नोंदवण्याची बगझिला म्हणून एक जुनी, सगळ्यांना खुली व्यवस्था आहे. तिच्यातले शेरे आता या धंद्यात सगळीकडे बोलले जातात. ‘नॉट अ बग’, म्हणजे ही चूक नाहीच. ‘वर्क्स फॉर मी’, म्हणजे आमच्याकडे तर चालतंय. ‘डुप्लिकेट’, म्हणजे हे आधीच कोणीतरी सांगितलंय. आणि ‘वोन्ट फिक्स’: चूक आहे, कबूल आहे, दुरुस्त करणार नाही. अप्पांच्या मनात हा शेवटचा शेरा भरला. “आपल्याकडे असं कोणी लेखी देत नाही,” ते म्हणाले. “फाइल साहेबांच्या टेबलावर आहे म्हणतात.” त्यांच्या वाट्याला मात्र ‘वर्क्स फॉर मी’ आला. त्यावर त्यांनी एका ओळीचं उत्तर धाडलं: तुमच्याकडे चालतं, कारण तुमच्याकडे वऱ्हाड येत नाही.

आता यात गंमत अशी, की हा र कुठे बसवायचा याची उस्तवार करणारी माणसं पुण्यातच होती. लिनक्सवर देवनागरी ज्या ‘लोहित’ फाँटांत पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली, ते मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवले. श्रीलिपीवाले तेच. रेड हॅटनं 2004 मध्ये ते मुक्त परवान्यावर सर्वांना खुले केले आणि पुढे त्यांची निगा राखण्याचं काम पुष्कळसं रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी केलं. नोव्हेंबर 2011 मध्ये फेडोराच्या कार्यकर्त्यांचा तीन दिवसांचा मेळावा शिवाजीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, म्हणजे सीओईपीत, भरला होता, फेडोरा 16 बाहेर पडायच्या अगदी तोंडावर. जून 2015 मध्ये तो पुन्हा पुण्यातच, एमआयटीत झाला. हे ऐकल्यावर अप्पांचा चेहरा पडला. “म्हणजे ही मंडळी बसनं जाण्याच्या अंतरावर होती आणि मी तोंडी सांगायची संधी घालवली?” त्या अभियंत्यांचं नशीब थोर. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं ते 2008 साली, हे अप्पांना तेव्हा ठाऊक असतं तर त्यांनी ‘इतका उशीर का’ एवढंच विचारायला मेळाव्यात तिन्ही दिवस पहिली रांग धरली असती.

बीटा कोसळतोही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. 20 एप्रिल 1998 ला शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स व्यासपीठावर असताना त्यांच्या सहकाऱ्यानं विंडोज 98 ला स्कॅनर जोडला आणि भर सभेत निळा पडदा आला. गेट्स हसून म्हणाले, की म्हणूनच ती अजून बाजारात आणलेली नाही. पुढे, 2016 च्या अखेरीस, मायक्रोसॉफ्टनं चाचणी आवृत्त्यांसाठी तो पडदा हिरवा करून टाकला, कच्चा माल कोसळला की पक्का ते लांबून कळावं म्हणून. मला हा बदल फार समंजस वाटतो. पुण्यातल्या रस्त्यांवरही खड्डा जुन्या डांबरातला की नव्या, हे रंगावरून कळायची सोय व्हायला हवी.

सगळ्यात जिव्हारी लागणारी चूक मात्र मी अप्पांना सांगायला नको होती, असं बायकोचं मत आहे. जानेवारी 2009 मध्ये विंडोज 7 चा बीटा आला, तेव्हा त्यात काही एमपी3 गाण्यांच्या सुरुवातीचे काही सेकंद कायमचे कापले जात. फाइलला जोडलेली चित्रं, माहिती वगैरे फार असली की हे घडे. अप्पांकडे भीमसेनजींच्या जुन्या ध्वनिफिती एमपी3 करून ठेवलेल्या आहेत. मी म्हटलं, “ख्यालाचे पहिले काही सेकंद म्हणजे नुसता तानपुरा. कुणाला कळणार?” खोलीत शांतता पसरली. त्या रात्री मला आमटी वाढताना सासूबाईंनीही विचार केला.

दुसरी चूक याहून मोठी, आणि आमच्या कामाशी तिचा थेट संबंध आहे. 2 ऑक्टोबर 2018 ला विंडोज 10 ची मोठी सुधारणा बाहेर पडली आणि काही लोकांच्या फायली, फोटो सगळं गायब झालं. चार दिवसांत कंपनीनं ती थांबवली आणि दुरुस्त करून नोव्हेंबरात पुन्हा दिली. पण काही चाचणीवाल्यांनी हे आधीच लिहून कळवलं होतं! तक्रारी होत्या, नोंदल्या गेल्या होत्या, फक्त त्यांना इतरांची मतं पडली नव्हती, म्हणून त्या ढिगाच्या तळाशी राहिल्या. पुढे कंपनीनं नुकसान किती गंभीर आहे हे सांगायचा रकाना जोडला. चूक काढणं पुरेसं नसतं, तिला अनुमोदन लागतं, हे सहकारी गृहरचना संस्थेत राहणाऱ्याला शिकवावं लागत नाही.

अप्पांच्या तक्रारीला आजमितीस दोन मतं आहेत, त्यांचं आणि माझं. बायको म्हणते, आधी मुंज होऊ दे. नातू म्हणतो, रिप्रो अजून पक्की नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे कुठलीही चाचणी आवृत्ती असेल तर आधी बॅकअप घ्या, मग ‘वऱ्हाड पुऱ्या खाऊन पायऱ्या उतरलं’ या नावानं एक फाइल जतन करून पाहा. वरच्या पट्टीत र डोक्यावर चढलेला दिसला, तर आधीची तक्रार शोधून तिच्याखालचं ‘मलाही हाच त्रास आहे’ हे बटण दाबा. आपली वेगळी तक्रार लिहायला बसू नका. ती डुप्लिकेट म्हणून बंद करतात.