पाठराखीण

पूर्वी नवरीबरोबर सासरी पाठराखीण जायची. नव्या घरात पोरीला एकटं वाटू नये आणि तिथली रीतभात पहिल्या दोन दिवसांत कळून यावी, एवढंच तिचं काम. माझी आत्या एकदा अशी पाथर्डीला गेली होती. परत आल्यावर कितीतरी वर्षं ती एकच सांगायची, तिकडे आमटीत गूळ घालत नाहीत.

सावेडीत राहणारा माझा भाचा हल्ली हेच काम करतो. त्याची नवरी म्हणजे कुणीतरी लिहिलेलं डेस्कटॉप सॉफ्टवेअर, आणि सासरं म्हणजे डेबियन, फेडोरा, आर्च, उबुंटू, ओपनसुसे. द्रौपदीला नवरे पाच असले तरी सासर एकच होतं. हिला सासरंच पाच. (डेबियनच्या भांडारात नकुल आणि सहदेव नावाचे देवनागरी फाँट खरोखरच नांदतात. कुंतीच्या तिघांची चौकशी मी अजून केलेली नाही.)

सगळी घरं लिनक्सचीच, पण प्रत्येकाचा कुळाचार वेगळा. खिडक्या नि बटणं काढणारी एकच लायब्ररी. डेबियनमध्ये तिला 'लिब-जीटीके-३-डेव्ह' म्हणायचं, फेडोरात 'जीटीके३-डेव्हल', आणि आर्चसारख्या सडाफटिंग घरात नुसतं 'जीटीके३'. बदलांची नोंद लिहिण्याचं सोवळं तर आणखी कडक. डेबियनमध्ये सहीची ओळ एक जागा सोडून सुरू होते, मग दोन आडव्या रेघा, मग नाव नि ईमेल, आणि ईमेल व तारखेच्या मध्ये बरोबर दोन रिकाम्या जागा. फेडोराला वाराची काळजी. तारखेपुढे सोमवारऐवजी मंगळवार पडला की 'बोगस डेट' म्हणून कुरकुर सुरू. यंत्राच्या पोटात पंचांग सांभाळणारे कुणी आजोबा बसलेले असावेत, असं मला उगाच वाटतं.

अलीकडे फ्लॅटपॅक आलं. ही नवरी स्वतःची चूल घेऊनच येते. कुणाला काही विचारायला नको. मात्र पहिल्या खेपेला एवढ्याशा कॅल्क्युलेटरसाठीसुद्धा शेकडो मेगाबाइटचं सामान उतरवून घ्यावं लागतं. आपलं काम जाईल म्हणून भाच्याला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "मामा, सुखानं नांदतात ना, मग झालं."

त्याच्या शास्त्रातली मला सगळ्यांत लोभस वाटलेली गोष्ट म्हणजे ट्रान्झिशनल पॅकेज. एखाद्या पॅकेजचं, म्हणजे त्या घरच्या रीतीनं बांधून ठेवलेल्या सॉफ्टवेअरचं, नाव बदललं की डेबियन जुन्या नावाचं एक रिकामं पॅकेज ठेवतं. आत काहीही नसतं. जुन्या नावानं हाक मारत आलेल्याला हाताला धरून नव्या दारापर्यंत पोचवायचं, एवढंच त्याचं जीवितकार्य. २०२४मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. बसस्टँडवर माणसं मात्र पूर्वीसारखीच नुसतं "नगर, नगर" म्हणत चढतात, आणि दोन्ही नावांची माणसं एकाच गाडीत बसतात. डेबियन असली रिकामी पॅकेजं पुढेमागे काढून टाकतं. आमचं 'नगर' कुणी काढेलसं दिसत नाही.

तुमच्याकडे डेबियन किंवा उबुंटू असेल, तर 'यूएसआर'मधल्या 'शेअर'मधल्या 'डॉक' फोल्डरात एकदा डोकवा. बहुतेक पॅकेजांच्या नोंदवह्या तिथे असतात. एखाद्या सहीपुढे +०५३० दिसलं, तर तो माणूस आपल्याच घड्याळावर जागलेला आहे असं समजा. ईमेल शेजारीच असतो. त्याला दोन ओळी लिहा. आमच्या भाच्याला तर मराठीतही चालतील.