अलिबागचं ऊन, मुंबईचा दर

बालायाज, म्हणजे केस उन्हाने उजळल्यासारखे ब्रशने रंगवायची पद्धत, शिकू पाहणाऱ्या कलरिस्टने ब्रश हातात घेण्याआधी एक मे महिना रायगडच्या किनाऱ्यावर काढावा. रेवदंडा, नागाव, किहीम, मुरूड, कुठेही चालेल. दिवसभर उघड्या डोक्याने समुद्रात डुंबणाऱ्या पोरांची डोकी पाहावीत आणि वहीत गंभीरपणे नोंदी कराव्यात. कपाळाजवळच्या बटा, भांगाच्या दोन्ही अंगांचा वरचा थर आणि शेंडे तेवढे तांबूस. मानेवरचे आणि आतले केस काळेभोर. ऊन वरून पडतं, त्यातले अतिनील किरण केसातलं मेलॅनिन मोडतात, आणि शेंडा हा केसाचा सर्वांत जुना भाग असल्याने त्याने जास्त उन्हाळे खाल्लेले असतात. नैसर्गिक हायलाइट्सचं सगळं शास्त्र यात आलं: ऊन जिथे पोचलं असतं तिथेच रंग काढायचा, आणि जिथे पोचलं नसतं तिथे कितीही मोह झाला तरी हात आवरायचा.

ही पद्धत रुजवण्याचं श्रेय १९७०च्या दशकातल्या पॅरिसच्या कारिता सलूनला देतात. पॅरिसला समुद्र नाही, त्यामुळे त्यांना ती शोधावी लागली असणार. कृती अशी. बट हातात ताणून धरावी, ब्लीच फक्त वरच्या पृष्ठभागावर ओढावं. मुळाकडे ब्रश जवळजवळ कोरडा, दोन्ही कडांनी थोडं वर चढलेला, मध्ये खाली उतरलेला. शेंड्याला मात्र ब्लीच सढळ हाताने. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मुळापासून फॉइलमध्ये बांधून काढलेली पट्टी म्हणूनच दीड-दोन महिन्यांत उघडी पडते. इथे मुळाशी रेघच नसते, तर उघडं काय पडणार? काळ्या केसाला मात्र फार वर नेऊ नये. तो उजळताना आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा होतो. आपल्याकडे गुळाच्या ढेपेच्या रंगावर थांबलेला माणूस शहाणा.

यावर कुणी म्हणेल, मग पार्लर कशाला, गच्चीवर जाऊन बसावं. बसावं की! पण ऊन कुठे थांबायचं ते जाणत नाही; ते रंगाबरोबर केसातली प्रथिनंही झिजवतं. कलरिस्ट निदान घड्याळ बघतो. दुसरा आक्षेप गिऱ्हाइकाचा: 'मेंटेनन्स नाही म्हणाला होतात!' मेंटेनन्स कमी, नाही असं नव्हे. नारिंगी झाक मारायला निळा टोनर लावतात, तो काही आठवड्यांत धुऊन जातो. त्यात शनिवार-रविवार अलिबागच्या बंगल्यातल्या क्लोरीनच्या तलावात डुंबायचं, विहिरीच्या मचूळ पाण्याने डोकं धुवायचं, आणि सोमवारी फोन करून 'नॅचरल वाटत नाहीये' म्हणायचं. अहो ताई, निसर्गच आहे तो! शिवाय मोबाइलमध्ये स्वीडनची सोनेरी बाई दाखवून 'असंच, पण नॅचरल' मागणाऱ्यांचं काय करावं, याला कुठल्याच शास्त्रात उत्तर नाही.

मेंदी लावलेल्या केसावर आधी एका बटेवर ब्लीच लावून पाहावं. तयार पुड्यांमध्ये धातूचे क्षार असू शकतात आणि पेरॉक्साइड लागताच केस तापतो. इथे विनोद नाही.

तिसरा आक्षेप आजीचा. 'पैसे देऊन केस उन्हात करपल्यासारखे करून आलीस?' निदान अचूक आहे, ते खोडू नये. तिने तेलाची वाटी पुढे केली तर डोकंही मागे घेऊ नये. धुण्याआधी लावलेलं खोबरेल केसातल्या प्रथिनांची झीज कमी करतं, असं मुंबईतल्याच संशोधकांनी २००३ मध्ये छापून दाखवलं आहे. ब्लीच झालेल्या केसांचाही त्यांनी विचार केला होता. आजीने छापलं नाही एवढंच.

'अलिबागसे आया है क्या' या टोमण्यावर बंदी घाला, अशी याचिका २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. आता अलिबागहून आल्यासारखे केस करून घ्यायला मुंबईत हजारो रुपये पडतात, तेव्हा अलिबागकरांनी हिशेब मिटला असं समजावं. बंगलेवाल्यांनी टोनरची तारीख मात्र मे महिन्यातच उरकून घ्यावी. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, आणि भाऊच्या धक्क्यावरून रो-रो धरायची तर केस वाऱ्याने विस्कटायचे ते विस्कटतातच.